खंबाटकी, दुपारी १२.४० : एका इंजिनाचा उलटा घटनाक्रम

मे महिन्यातला शनिवार. शाळांना सुट्ट्या, त्यात लग्नाची मोठी तीथ. पुणे–सातारा रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली. दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी खंबाटकी घाटाच्या चढावर एका पेट्रोल गाडीचं इंजिन जागच्या जागी धरतं. मागे हॉर्नचा कल्लोळ, बॉनेटच्या फटीतून वाफ, आत पाच माणसं. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या फोनवर एकच वाक्य फिरतं : "घाटात गाडी गरम झाली."

हे अर्धंच खरं आहे. घाटाने फक्त शेवटचा अर्धा तास घेतला. त्याआधीची दोन वर्षं हे इंजिन थोडं थोडं मरत होतं, आणि प्रत्येक वेळी कारण एकच होतं : रेडिएटरमध्ये काय ओतायचं हे कुणीतरी न बघता ठरवलं.

ही गाडी आणि हे कुटुंब प्रातिनिधिक आहे. उन्हाळ्यात या घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कहाण्या एका प्रवासात गुंफल्या आहेत. रसायनं, तापमानं आणि धातूंचं वागणं मात्र जसं असतं तसंच मांडलं आहे. वेळ उलटी मोजली आहे, म्हणजे शेवट कुठे कुठे टळू शकत होता ते दिसेल.

१७,५०० तास आधी (दोन वर्षं) : बोअरचं पाणी

चिंचवडमधल्या सोसायटीचं पार्किंग. गाडी सात वर्षांची. कूलंटच्या पांढऱ्या बाटलीतली पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेली आहे. गाडी धुणारा मुलगा विचारतो, "दादा, पाणी टाकू का? सगळे पाणीच टाकतात." मालक ऑफिसला निघायच्या घाईत आहेत. "टाक." सोसायटीच्या बोअरचं अर्धा लिटर पाणी बाटलीत जातं.

जळणाऱ्या पेट्रोलचं तापमान सिलिंडरमध्ये दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. इंधनातून निघालेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंटला वाहून न्यावा लागतो. हे काम साधं पाणीही करतं. उष्णता उचलण्यात तर पाण्याचा हात कुणी धरत नाही. पण पाणी लवकर उकळतं, आणि लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं या सगळ्यांना एकाच वेळी खातं. म्हणून त्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. त्याने उकळबिंदू वर जातो. शिवाय गंजरोधक रसायनं घालतात. ती धातूवर पातळ कवच धरतात आणि ग्लायकॉल जुनं होताना तयार होणारी आम्लं मारतात. या गंजरोधकांचं प्रमाण कूलंटमध्ये फार थोडं असतं, पण कूलंटची निवड म्हणजे मुख्यतः त्यांचीच निवड.

या गाडीत कारखान्यातून गुलाबी कूलंट आलं होतं. जपानी घडणीच्या गाड्यांत असतं तसं, सेंद्रिय आम्लांचं आणि फॉस्फेट असलेलं. युरोपीय कंपन्या फॉस्फेट टाळत आल्या, कारण त्यांच्याकडचं पाणी जड आणि फॉस्फेट कॅल्शियमशी संयोग करून थर बसवतं. जपानी कंपन्यांनी सिलिकेट टाळलं, कारण त्याचा वॉटर पंपाच्या सीलला त्रास होतो. म्हणजे गुलाबी बाटलीच्या रसायनात एक गोष्ट गृहीत धरलेली होती : सोबतचं पाणी स्वच्छ असेल.

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा जड असतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर चढतो, तोच आता रेडिएटरच्या चपट्या, अरुंद नळ्यांत आणि सिलिंडरच्या हेडमधल्या वाटांत बसायला लागतो. हा थर उष्णता अडवतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मात्र हलत नाही, त्यामुळे काही बिघडलंय असं कुणाला वाटत नाही.

*इथे टळलं असतं :* बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, स्वस्तही असतं. त्याहून महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारलाच नाही : पातळी गेली कुठे? ही बंद यंत्रणा आहे. वर्षानुवर्षांत किंचित घट ठीक आहे. रेषेखाली गेलं म्हणजे कुठेतरी गळतंय. या गाडीत रेडिएटरच्या वरच्या होज पाइपाची क्लिप सैल होती.

३,६०० तास आधी (पाच महिने) : "रंग वेगळा, माल तोच"

डिसेंबर. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये गाडी ऑइल बदलायला आली आहे. मेकॅनिक कूलंटची बाटली हलवून बघतो. आतलं द्रव आता गुलाबी राहिलेलं नाही, मातकट झालं आहे.

"साहेब, कूलंट कमी आहे. टाकतो."

"कोणतं टाकणार?"

"हिरवं आहे माझ्याकडे. सगळे सारखेच असतात, रंग फक्त वेगळा."

एक लिटर हिरवं कूलंट जुन्या गढूळ द्रवात मिसळतं. ना फ्लश, ना जुनं काढणं.

कूलंटचा रंग म्हणजे नुसता रंग. बाटली भरणारी कंपनी तो ठरवते आणि त्याचं कुठलंही जागतिक बंधन नाही. होंडाचं कूलंट निळं, टोयोटाचं गुलाबी किंवा लाल, फोक्सवॅगनच्या गाड्यांत जांभळट. पण बाजारात कुठलाही माल कुठल्याही रंगात मिळू शकतो. दोन हिरव्या बाटल्यांत पूर्ण वेगळी रसायनं असू शकतात, आणि एक लाल, एक निळी असूनही आतलं रसायन एकच असू शकतं.

ढोबळ मानाने कूलंटची घराणी तीन. पहिलं जुनं, असेंद्रिय क्षारांचं : सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट वगैरे. ते धातूवर सगळीकडे भराभर थर चढवतं आणि लवकर संपतं. साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं. दुसरं सेंद्रिय आम्लांचं. ते जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतं, म्हणून पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं. तिसरं संकरित, म्हणजे सेंद्रिय आम्लांसोबत थोडं सिलिकेट किंवा थोडं फॉस्फेट. आजच्या बहुतेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या घराण्यातल्या.

घराणी मिसळली की नेहमी गोळा होतोच असं नाही. पण दीर्घायुषी कूलंटचं आयुष्य तिथे संपतं, आणि काही मिश्रणांत गंजरोधक द्रवातून बाहेर पडून गाळ किंवा जेलीसारखा साका होतो. रेडिएटरच्या नळ्या आधीच थराने अरुंद झाल्या असतील तर असा साका तिथेच अडकतो.

चांगलं कूलंटसुद्धा हेळसांड सोसत नाही, हे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर दिसलं. जनरल मोटर्सने १९९०च्या दशकाच्या मध्यावर डेक्सकूल नावाचं नारिंगी, दीर्घायुषी, सेंद्रिय आम्लांचं कूलंट आपल्या गाड्यांत भरायला सुरुवात केली. ज्या गाड्यांत पातळी उतरून यंत्रणेत हवा शिरली, त्यांतल्या कित्येकांत गंजाच्या रंगाचा चिखल साठला आणि इनटेकच्या गॅस्केटी गळू लागल्या. मालक कोर्टात गेले आणि शेवटी कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली.

*इथे टळलं असतं :* डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं पुस्तक आहे. त्यात कूलंटचा प्रकार, यंत्रणेत किती लिटर मावतं आणि बदलायची मुदत असं सगळं छापलेलं असतं. मातकट द्रव पूर्ण काढून, डिस्टिल्ड पाण्याने फ्लश करून पुस्तकातलं कूलंट भरलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

७२ तास आधी : दुकानाचा काउंटर

बुधवार, दुपार. शनिवारी वाईला भाचीचं लग्न आहे, गोरज मुहूर्तावर. घाट चढायचा म्हणून मालक स्वतः ऑटो पार्ट्सच्या दुकानात आले आहेत. काळजी खरी आहे. काउंटरवर तीन बाटल्या येतात.

पहिलीवर लिहिलंय 'कॉन्सन्ट्रेट'. दुसरीवर 'प्रीमिक्स, वापरायला तयार'. तिसरी सगळ्यात स्वस्त. तिच्यावर नुसतं 'रेडिएटर कूलंट', ना ग्लायकॉलचं प्रमाण, ना कुठलं मानक. मालक मधली उचलतात. निवड वाईट नाही. पण दुकानातला गडी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, सवयीने सांगतो, "एकास एक पाणी घाला, दादा."

हा सल्ला पहिल्या बाटलीचा आहे. प्रीमिक्समध्ये पाणी आधीच असतं. पन्नास टक्क्यांच्या प्रीमिक्समध्ये तितकंच पाणी घातलं की ग्लायकॉल पंचवीस टक्क्यांवर येतं आणि गंजरोधकही निम्मे होतात. घरी येऊन मालक तसंच करतात, पुन्हा नळाच्या पाण्याने, आणि ते बाटलीत ओततात.

उलटी चूकही घातक. काहीजण "स्ट्राँग राहू दे" म्हणून कॉन्सन्ट्रेट पाण्याशिवाय भरतात. शुद्ध ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, हे ऐकायला छान वाटतं. पण उष्णता धरून ठेवायची त्याची ताकद पाण्याच्या जेमतेम साठ टक्के. इंजिन जास्तच तापतं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाला ओढणाऱ्या रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉलच होतं. नंतर अभियंत्यांनी ते बदलून सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के ग्लायकॉल असं मिश्रण दाबाखाली वापरलं. उष्णता न्यायला पाणी, उकळी लांबवायला ग्लायकॉल आणि दाब : मोटारीच्या रेडिएटरचं गणित आजही हेच आहे. महाराष्ट्राच्या हवेला तीस ते पन्नास टक्के ग्लायकॉल पुरतं. हिवाळ्यात लडाखला जाणाऱ्याला पन्नास लागतंच, कारण तेवढं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

*इथे टळलं असतं :* बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचली असती तर. तिथे आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांसारखं मानक छापलेलं असतं, आणि पाणी घालायचं की नाही तेही. प्रीमिक्समध्ये पाण्याचा थेंबही घालायचा नसतो.

१४ तास आधी : झाकण

शुक्रवारी रात्री साडेदहा. आहेराच्या पिशव्या डिकीत ठेवून मालक बॉनेट उघडतात. बाटलीतली पातळी वरच्या रेषेला टेकली आहे. समाधानाने बॉनेट बंद होतं.

बाटली भरलेली आहे, रेडिएटर नाही. या गाडीच्या रेडिएटरला स्प्रिंगचं झाकण आहे आणि त्यात दोन व्हॉल्व्ह. मोठा व्हॉल्व्ह आतला दाब वातावरणापेक्षा साधारण ०.९ बार जास्त होईपर्यंत धरून ठेवतो आणि नंतर जादा कूलंट बाटलीत सोडतो. इंजिन थंड झालं की छोटा व्हॉल्व्ह तेच कूलंट बाटलीतून परत ओढतो. दोन वर्षांच्या क्षारांनी छोटा व्हॉल्व्ह चिकटला आहे आणि मोठ्याचं रबर कडक होऊन तडकलं आहे. त्यामुळे बाहेर गेलेलं कूलंट परत येत नाही आणि आत दाबही टिकत नाही.

दाबाची किंमत आकड्यांत बघावी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे उघड्यावर पाणी ९८ अंशांना उकळतं. निम्मं ग्लायकॉल आणि धडधाकट झाकण असेल तर तेच मिश्रण १२५ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत उकळत नाही. रेडिएटरचा पंखा साधारण ९५च्या पुढे सुरू होतो. म्हणजे निरोगी गाडीकडे तीसएक अंशांची शिल्लक असते. या गाडीकडे चार-पाच अंशसुद्धा उरलेले नाहीत.

*इथे टळलं असतं :* थंड इंजिनावर झाकण उघडून आत डोकावलं असतं तर द्रव काठापर्यंत नाही हे दिसलं असतं. नवं झाकण ही इंजिनातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे.

३ तास १० मिनिटं आधी : चिंचवड

सकाळी साडेनऊ. आजी पुढच्या सीटवर, मागे दोघं मुलं आणि त्यांची आई. एसी सुरू. काही मिनिटांत काटा मधोमध येतो आणि थांबतो. अनेक गाड्यांत काटा मुद्दामच असा बांधलेला असतो : तापमान ठरावीक पट्ट्यात खालीवर झालं तरी तो हलत नाही, चालकाला उगाच धास्ती नको म्हणून. तो हलतो तेव्हा प्रकरण पुढे गेलेलं असतं.

२ तास आधी : खेड शिवापूर

दहा वाजून चाळीस. नवले पुलाजवळची कोंडी पार करून गाडी टोलनाक्याच्या रांगेत उभी. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. तो आपली उष्णता रेडिएटरवर फेकतो. गाडी उभी, म्हणजे समोरून वारा नाही. सगळा भार पंख्यावर.

आजी म्हणतात, "काहीतरी गोड वास येतोय रे."

"बाहेरचा असेल, आई."

तो वास ग्लायकॉलचा आहे. सैल क्लिपेतून निसटलेले थेंब गरम धातूवर पडून वाफ होताहेत. गाडीत गुळमट वास येणं ही गळतीची सगळ्यात जुनी आणि खात्रीची खूण, आणि नाकाला ती काट्याच्या कितीतरी आधी कळते.

१ तास १० मिनिटं आधी : शिरवळ

साडेअकरा. चहा, मुलांना वडापाव. गाडी बंद केल्यावरही पंखा घरघरत राहतो. पुढच्या चाकाजवळ डांबरावर बशीएवढा ओला डाग पडला आहे, कडेला मातकट रंगाचा. एसीचं पाणी रंगहीन असतं आणि ते सहसा पुढच्या डाव्या सीटच्या खाली ठिबकतं. हा डाग त्याहून पुढे आहे. बाहेर ३९ अंश.

*इथे टळलं असतं :* तासभर थांबून, इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत थंड होऊ देऊन पातळी बघितली असती तर गाडी कदाचित शिरवळलाच राहिली असती आणि कुटुंब एसटीने वाईला पोचलं असतं. इंजिन वाचलं असतं.

३० मिनिटं आधी : घाटाचा पायथा

बारा वाजून दहा. चढ सुरू होतो आणि पहिल्याच वळणाच्या पुढे रांग थबकते. वर एक ट्रक बंद पडला आहे. आता गाडी पहिल्या गिअरमध्ये, पाच माणसं आणि सामान घेऊन, माणसाच्या चालीने चढतेय. इंजिनावर भार पुरेपूर, वारा नाही, एसी चालू. पंखा थांबायचं नाव घेत नाही.

कूलंट आता नावापुरतंच उरलं आहे : जुनं गुलाबी, त्यात हिरवं, त्यात पाणी घातलेलं प्रीमिक्स, त्यात बोअरचं पाणी. वाटेत थर, नळ्यांत साका, झाकणात दाब नाही. हेडमधल्या सगळ्यात गरम जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, द्रव उकळायला लागतं. वाफेचा बुडबुडा धातूला चिकटला की तिथे द्रव पोचत नाही, आणि वाफ उष्णता नेण्यात अगदीच दुबळी. त्या ठिपक्यापुरता धातू झपाट्याने तापतो.

१२ मिनिटं आधी : काटा हलतो

बारा अठ्ठावीस. काटा मध्य सोडून वर सरकायला लागतो. मालक एसी बंद करतात. हे बरोबर केलं. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात सुरू केला असता तर आणखी थोडी मुदत मिळाली असती, कारण हीटरची जाळी म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. ३९ अंशांत हे सुचणं कठीण, पण शहाणपणाचं आहे.

"बाजूला घेऊ का?"

"इथे कुठे? मागे बस आहे. वर चढलो की थांबू."

एक्सलरेटर दाबताना इंजिनातून खडखड ऐकू येते. सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी, आपोआप पेटतंय. त्याने आणखी उष्णता.

*शेवटची संधी :* काटा लाल पट्ट्याकडे निघाला की जिथे असाल तिथे कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, इंजिन बंद करा. मागच्या बसचा हॉर्न सोसवतो. पुढचं बिल सोसवत नाही.

४ मिनिटं आधी : काटा खाली येतो

बारा छत्तीस. काटा लाल पट्ट्याला टेकून अचानक खाली उतरायला लागतो. मागच्या सीटवरून सुटकेचा आवाज येतो : "आला, आला खाली!"

या घटनाक्रमातला हा सगळ्यात फसवा क्षण. तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असतो तेव्हाच खरं सांगतो. हेडमधलं बरंच द्रव वाफ होऊन बाहेर फेकलं गेलं आहे आणि सेन्सर आता वाफेत उघडा पडला आहे. काटा उतरतोय, कारण मोजायला द्रवच उरलेलं नाही. वर गेलेला काटा कारण नसताना खाली आला तर त्याच क्षणी इंजिन बंद करायचं असतं.

शून्य : १२.४०

ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. हेड फुगू बघतं, बोल्ट त्याला धरून ठेवतात, आणि ते मधोमध वाकतं. दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट सुटते. पिस्टन फुगून सिलिंडरच्या भिंतीला घासू लागतात, ऑइलचा पापुद्रा फाटतो आणि धातूवर धातू घासून इंजिन धरतं. हादरा बसून गाडी बंद पडते.

शून्यानंतर १० मिनिटं : हात झाकणाकडे जातो

आता धोका माणसाच्या जिवाला. मालक फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवणार इतक्यात शेजारचा ट्रक ड्रायव्हर ओरडतो, "भाऊ, हात लावू नका! तोंड भाजेल!"

त्याचं अगदी खरं आहे. दाब थोडाच असला तरी आतलं द्रव शंभर अंशांच्या वर असू शकतं. झाकण सैल होताच ते एका क्षणात वाफ होऊन उसळतं. चेहरा, मान, हात भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

शून्यानंतर ४८ तास : हेड उघडल्यावर

सोमवार दुपार, गॅरेज. आधी ऑइलची काडी बाहेर येते : टोकाला दुधाच्या चहासारखं पांढुरकं ऑइल. कूलंट ऑइलमध्ये उतरलं आहे. मग थर्मोस्टॅट. त्याच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत तपकिरी साका भरलाय, नखाने खरवडला तर लोण्यासारखा निघतो आणि खाली पांढरा कडक थर लागतो. वॉटर पंपाच्या पात्यांच्या कडा गंजून खाल्ल्यासारख्या.

मेकॅनिक हेड उलटं ठेवतो, त्यावर सरळ पट्टी तिरकी धरतो आणि खाली फिलर गेजची पातळ पानं एकेक सरकवून बघतो. अशा हेडला बहुतेक कंपन्या मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपासच वाक चालवून घेतात. इथे त्याच्या कितीतरी पट जाड पान आरामात आत जातं. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. म्हणजे फक्त हेडचं फेसिंग करून भागणार नाही. बोअर, पिस्टन, रिंगा सगळंच आलं. खर्च योग्य कूलंटच्या कितीतरी वर्षांच्या खर्चाएवढा.

काढलेलं मातकट द्रव पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवलेलं असतं. हा गॅरेजांतला आणखी एक धोका. इथिलीन ग्लायकॉल विष आहे, चवीला गोड आहे, आणि मूत्रपिंड निकामी करतं. मोठ्या माणसालाही शंभर मिलिलिटरच्या आसपास प्राणघातक ठरू शकतं; लहान मूल किंवा कुत्रं त्याहून कितीतरी थोड्यात जातं. ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये, अंगणात सांडू नये, आणि पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी तडक हॉस्पिटल गाठावं.

पुढच्या प्रवासाआधी

या इंजिनाने दिलेला धडा चार मुद्द्यांत मावतो.

कूलंट गाडीच्या पुस्तकावरून निवडा. रंग, किंमत, दुकानदाराची सवय यांवरून नको. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि वर्ष सांगून नेमका प्रकार विचारा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे दुप्पट पाळा. बॅटरीच्या थंडाव्याचं कूलंट अनेकदा वेगळं, वीज कमी वाहणारं असतं.

आधी आत काय आहे हे माहीत नसेल तर वर ओतू नका. सगळं काढा, डिस्टिल्ड पाण्याने फ्लश करा, नवं भरा, आणि यंत्रणेतली हवा काढून घ्या. अडीअडचणीला, रस्त्यात, थोडं स्वच्छ पाणी टाकून घर गाठायला हरकत नाही. पण घरी आल्यावर ते निस्तरायचंच.

हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो, गंजरोधक किती उरले ते सांगत नाही. म्हणून मिश्रण स्वच्छ दिसत असलं तरी पुस्तकातली मुदत पाळा. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर मार्करने कूलंटच्या बाटलीवरच लिहून ठेवा. पुढचा मेकॅनिक कुणीही असो, त्याला ती दिसेल.

पातळी उतरत असेल तर भरत राहू नका, गळती शोधा. झाकण, क्लिपा, होज पाइप यांची किंमत इंजिनापुढे काहीच नाही.

ज्यांच्या घरी या सुट्टीत गाडी काढायची तयारी चालली आहे, त्यांना मनापासून सांगणं आहे : उद्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि कप्प्यातलं पुस्तक काढा. कूलंटचं पान शोधून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि गॅरेजमध्ये "कूलंट टाका" एवढंच न म्हणता तो फोटो दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे. आजी, मुलं आणि आपण स्वतः ज्या गाडीत बसणार आहोत, तिच्यासाठी एवढी दहा मिनिटं द्यायलाच हवीत.